कडीखालची फरशी

१

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं, आणि बकुळेचं तोंड गिरगावात चांगलंच पोळलं होतं. लग्नानंतरची पहिली खोली त्यांनी तिथं पोटभाड्यानं घेतली. सोडताना घरवाल्यानं फुटक्या फरश्या, पडका गिलावा, होतं नव्हतं ते सगळं या दोघांच्या माथी मारलं आणि अनामत गिळून ढेकर दिला. अहो, त्या फरश्या आधीपासूनच फुटक्या होत्या! पण सांगणार कुणाला आणि दाखवणार काय? बकुळा चौथीपर्यंत शिकलेली. तिनं त्या दिवशी कानाला खडा लावला. यापुढं नव्या खोलीत चूल पेटवायच्या आधी खोलीची खोड न् खोड कागदावर लिहायची आणि खाली घरवाल्याची सही घ्यायची.

लालबागची खोली मिळाली ती शामरावांची. हे म्हातारे गृहस्थ कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून होते, आता घरीच असायचे. लागून दोन खोल्या त्यांच्या नावावर होत्या. बायको गेल्यापासून एकीत ते एकटे राहायचे, दुसरी, जिच्यात पूर्वी त्यांचा संसार होता, ती पोटभाड्यानं द्यायचे. अनामत तीनशे रुपये, मुदत पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत, आणि मुदतीआधी खोली सोडली तर अनामत विसरायची.

ते तीनशे रुपये म्हणजे बकुळेच्या माहेरच्या पाटल्या होत्या. पाडव्याला ते हातात पडले तर शिवडीला कायमची खोली मिळणार होती. नाही पडले, तर तिचा नवरा गुणाजी पुन्हा गाववाल्यांच्या सामाईक गाळ्यात जाऊन वळकटी पसरणार आणि बकुळा गावाला सासूच्या हाताखाली. गिरणगावातल्या कितीतरी बायकांचे संसार असेच मनिऑर्डरीवर चालायचे. बकुळेला तसला संसार नको होता. तिला नवऱ्याजवळ राहायचं होतं.

म्हणून हातातलं सामान दारात ठेवून ती आधी लिहायला बसली. मांडीवर पाट, पाटावर कागद. गुणाजी खोलीभर फिरत एकेक खोड सांगू लागला. तो गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होता. त्या खडखडाटात बोलून बोलून या माणसाला हळू बोलणं म्हणून ठाऊकच राहिलं नव्हतं. बायकोच्या कानात गुज सांगायचा तरी ते शेजारी ऐकू जायचं.

"खिडकीची वरची काच तडकलेली!" तो ओरडला. "मोरीचा कठडा फुटका! खुंट्या सगळ्या धड, कोपऱ्यातली तेवढी ढिली! दाराची खालची कड उंदरांनी कुरतडलेली!"

बकुळेला तिसरा महिना होता. मान वर केली की गरगरायचं, म्हणून ती खाली मान घालून ऐकत होती आणि लिहीत होती. सांगणं थांबलं तेव्हा तिनं टाक ठेवला.

शामराव आले, कागद बघून हसले. "अगं बाई, मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा एवढ्या खोडी काढत नाहीत!"

"असू दे हो मामा. आपलं असलेलं बरं."

"बाईमाणसानं लिहिलेलं काय वाचायचं!" म्हणत त्यांनी चष्मासुद्धा न शोधता शेवटच्या ओळीला चिकटून सही ठोकली. बकुळेनं कागदाची घडी घातली आणि ट्रंकेत पातळांच्या तळाशी ठेवून दिली.

२

उन्हाळ्यात ती पहिलटकरीण म्हणून बोटीनं माहेरी गेली आणि दिवाळी झाल्यावर परतली ती मांडीवर लेकीला, कांताला घेऊन. माहेरच्यांनी वेताचा पाळणा दिला होता, उचलायला एक हात पुरे इतका हलका. खोलीच्या तुळईला एक जुनी लोखंडी कडी होतीच. गुणाजी आधी स्वतःच तिला लोंबकळला, दोन झोके घेतले आणि म्हणाला, "हत्ती टांग हिला!" मग त्यानं पाळणा टांगला. बकुळा चुलीपाशी बसून एका हातानं भाकरी थापायची, दुसऱ्या हातानं पाळण्याची दोरी ओढायची. सुखाचे दिवस होते हो ते.

एके सकाळी मांडणीची खालची फळी हंड्याच्या वजनानं कडकन चिरली.

"झालं! आता शामरावांना निमित्तच मिळालं," बकुळेनं कपाळाला हात लावला. फळीबद्दल कागदावर काही आहे का, म्हणून तिनं ट्रंक उघडली. आणि होतं! तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मांडणीची खालची फळी मधोमध चिरलेली.’

तिचा जीव भांड्यात पडला. देवापुढं साखर ठेवून ती पुन्हा कामाला लागली. भांडी घासता घासता मात्र तिचा हात थांबला. ती फळी तिनं पहिल्याच दिवशी राखेनं घासली होती, पुसली होती, वर कागद अंथरला होता. फळी तेव्हा अखंड होती.

ओल्या हातांनी तिनं कागद परत काढला. त्या ओळीखाली आणखी दोन ओळी होत्या. ‘खिडकीशेजारी भिंतीला बोटभर भोक.’ तिनं भिंत बघितली. भिंतीला साधा ओरखडा नव्हता. आणि शेवटची ओळ, शामरावांच्या सहीला टेकलेली: ‘पाळण्याची कडी निखळलेली, खालची फरशी फुटलेली.’

खोली घेतली तेव्हा पाळणा कुठं होता?

संध्याकाळी गुणाजी गिरणीतून आल्या आल्या तिनं त्याच्यापुढं कागद धरला. "हे शेवटचं तुम्ही सांगितलंत?"

गुणाजीनं वाचलं, डोकं खाजवलं. "नाय बा. मी उंदरांचं सांगितलं आणि खाली ट्रंक आणायला गेलो. हमाल खोळंबला होता ना!"

"मग मला कुणी सांगितलं?"

"तूच लिहिलंस काहीतरी! मळमळत होतं ना तुला? पहिलटकरणीला काय, वाऱ्याचंसुद्धा बोलणं ऐकू येतं."

बकुळेनं कागद पुन्हा वाचला. आता तिला नीट आठवत होतं. गुणाजीचं सांगणं म्हणजे आरडाओरडा असायचा. या तीन ओळी मात्र कुणीतरी अगदी हळू सांगितल्या होत्या, तिच्या पाठीमागून, चुलीच्या अंगानं. आवाज बाईचा होता. तिला तेव्हा ते खटकलंसुद्धा नव्हतं, कारण आवाजात कसली घाई नव्हती, राग नव्हता. घरातलंच कुणी सांगतंय असं वाटून ती लिहीत गेली होती.

"अहो, आपण ही खोली सोडू या."

"पाडव्याआधी? मग पाटल्या विसर. आणि तू चल गावाला." गुणाजीनं पुन्हा कडीला लोंबकळून दाखवलं. कडी हलली नाही. "बघ! उगाच भीतीच्या हाती काठी देऊ नकोस."

बकुळेनं स्वतःला समजावलं. फळी जुनी होती, बारीक चीर आधीच असेल, आपल्याला दिसली नसेल. कडी धड आहे, भिंत धड आहे. तरी रोज सकाळी उठल्यावर ती आधी खिडकीशेजारची भिंत चाचपायची.

३

मग जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं रेडिओवर सांगितलं आणि गिरणगाव पेटलं. पोरंसोरं, बायाबापड्या सगळे रस्त्यावर उतरले. गिरण्या थांबल्या. ज्या भोंग्यांवर चाळ उठायची, जेवायची, झोपायची, ते भोंगेच मुके झाले. गुणाजी मोर्चात गेला तो आला नाही. पोलिसांनी गाडीत घालून नेल्याचं कुणीतरी येऊन सांगून गेलं. जिवंत आहे ना, मग पुरे, म्हणून बकुळेनं डोळे पुसले. त्यानंतर संचारबंदी लागली.

खिडकीत उभं राहू नका, असं खालून ओरडून सांगत होते. बकुळा कांताला छातीशी धरून मोरीच्या आडोशाला बसली होती. बाहेर आवाज होत होते. फटाक्यांसारखे वाटत होते, पण फटाके नव्हते. एकदम तडकन काहीतरी खोलीत वाजलं आणि भिंतीचा चुना भुरभुर खाली आला.

सगळं निवल्यावर ती रांगत तिथं गेली. खिडकीशेजारी भिंतीला भोक पडलं होतं. तिनं त्यात बोट घातलं आणि बोट मावलं.

आता कागदावरची एकच ओळ खरी व्हायची राहिली होती.

तिनं कांताचं अंथरूण पाळण्यातून ओढून काढलं आणि दारापाशी टाकलं, कडीपासून लांबात लांब. त्या दिवसापासून पोर पाळण्यात निजली नाही. रडली, हातपाय आपटले, झोका हवा म्हणून टाहो फोडला. बकुळेनं पायांवर घेऊन हलवली, पण पाळण्यात काही घातली नाही. घर सोडून पळावं तर बाहेर बंदुका होत्या, आणि बंदुका नसत्या तरी पाटल्यांचं काय? एकटी बाई कुठं जाणार होती?

पाळणाच काढून टाकावा म्हणून एके दिवशी ती डब्यावर चढली. गुणाजीनं मारलेली गाठ गिरणीतली होती, सुटता सुटेना. ती डब्यावर उभी असताना कडी तिच्या कपाळाच्या अगदी वर होती. दारापाशी अंथरुणावर कांता खुळखुळा चोखत पडली होती. डबा कलंडला तर पोरीला बघणार कोण, या विचारानं ती उतरली. पाळणा तसाच लोंबत राहिला.

४

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पाळणा हलू लागला.

अशी दुपार लालबागनं कधी बघितली नसेल. साचे बंद, ट्राम बंद, फेरीवाला नाही, पोरांचा दंगा नाही. बकुळा तांदूळ निवडत होती. कुर्र, कुर्र असा आवाज ऐकून तिनं वर बघितलं. रिकामा पाळणा सावकाश, एका लयीत झुलत होता. खिडकी तिनं गोळीनंतर गोणपाटानं बंद केली होती. वारा यायला जागाच नव्हती.

"उंदीर असेल वरती," ती मोठ्यानं म्हणाली. आपलाच आवाज ऐकून तिला जास्त भीती वाटली. कांता इथं आल्यापासून तो पाळणा कधी, एकदासुद्धा आपणहून हलला नव्हता.

गॅलरीतून शेजारची जाईबाई डोकावली. मालवणाकडची ही म्हातारी, संचारबंदीत रोज येऊन बकुळेची चौकशी करून जायची. पाळणा बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

"गो बाय, रिकामो पाळणो हलवू नये! पोराच्या पोटात दुखता!"

"मी नाही हलवत, मावशी. आपोआप हलतोय."

जाईबाई क्षणभर बघत राहिली. "वरवंटो घाल तेच्यात. बारशाक घालतंव तसो. रिकामो नको ठेवू." एवढं सांगून ती मागं न बघता आपल्या खोलीत गेली आणि तिच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

बारशाला बकुळेच्या आईनं वरवंट्याला अंगडं-टोपडं घालून कांताच्या आधी पाळण्यात घातलं होतं. पोर वरवंट्यासारखी टणक होऊ दे, म्हणाली होती. बकुळेनं पाट्यावरचा वरवंटा उचलला, कांताच्या दुपट्यात गुंडाळला आणि झुलत्या पाळण्यात ठेवला. हात झटकन मागं घेतला.

पाळणा थांबायला हवा होता, पण थांबला नाही. ओझं आल्यावर लय जरा संथ झाली इतकंच, मूल पाळण्यात असल्यावर होते तशी.

बकुळा दारापाशी सरकली, कांताला उचललं. आणि तेव्हा तिचं लक्ष दोरीकडं गेलं. पाळण्याची दोरी खाली लोंबत नव्हती. ती ताणलेली होती. पाळण्यापासून निघून सरळ चुलीच्या कोपऱ्यात गेली होती, बसलेल्या बाईचा हात जिथं असतो तिथं, आणि शेवटचं टोक तळहाताला गुंडाळावं तसं दोन वेढ्यांत वळलेलं होतं. मध्ये हात मात्र नव्हता. पाळणा लांब जाताना दोरी सैल सोडली जायची, जवळ येताना ओढली जायची. बकुळा भाकऱ्या थापताना ओढायची अगदी तश्शी.

तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. कांता मात्र त्या कोपऱ्याकडं बघून खुदकन हसली.

दोरीला एक जोराचा हिसका बसला. तुळई करकरली, कडी मुळापासून निघाली आणि पाळणा खाली आला. दुपट्यातला वरवंटा धाडकन फरशीवर आदळला. फरशीचे चार तुकडे झाले.

मग दोरी जमिनीवर पडली ती नुसती दोरीच होती. तुळईतल्या खड्ड्यातून कितीतरी वेळ पिवळा भुसा गळत राहिला. आतून सगळी वाळवीनं खाल्लेली होती. गुणाजी लोंबकळला तेव्हा ती तगली, ही नशिबाचीच गोष्ट. आज नाही उद्या ती कडी येणारच होती.

५

गुणाजी सुटून आला, दाढी वाढलेला, आवाज तेवढाच मोठा. भोक, कडी, फरशी सगळं बघून तो खाली बसला आणि लेकीला पोटाशी घेऊन लहान मुलासारखा रडला. त्यानंतर त्यानं पहिलटकरणींची थट्टा कधी केली नाही. पाडव्यापर्यंतचे दिवस त्यांनी त्याच खोलीत काढले. नवल म्हणजे बकुळेला भीती वाटली नाही. कोपऱ्याकडं पाठ करून ती स्वस्थ भाकऱ्या थापायची.

पाडव्याला शामराव हिशेब करायला आले. चष्मा या वेळी बरोबर आणला होता. भिंतीपाशी थांबले, मांडणीपाशी वाकले, फुटकी फरशी बघून त्यांचा चेहरा खुलला. "अरे अरे! वर्षात खोलीची पार रया घालवलीत की! तीनशेतलं काय उरतंय बघायला पाहिजे."

बकुळेनं कागद पुढं केला. "मामा, सगळं आधीचंच आहे. वाचा."

शामरावांनी वाचायला सुरुवात केली. खालच्या ओळींपाशी त्यांचं बोट थांबलं. "पाळण्याची कडी? तेव्हा या खोलीत पाळणा कुठं होता?"

"नव्हता."

"मग हे कसं लिहिलंस?"

"सही तुमचीच आहे, मामा."

बकुळेनं चुलीचं, आवाजाचं, दोरीचं एक अक्षर काढलं नव्हतं. तरी शामरावांनी कागदावरून नजर काढली आणि थेट चुलीच्या कोपऱ्यात बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हातारा आपल्या खोलीत गेला, नोटा घेऊन आला आणि त्या सगळ्याच्या सगळ्या तिच्या हातावर ठेवल्या. दारापर्यंत जाऊन थबकला. "फरशी... फरशी कशानं फुटली?"

"वरवंट्यानं," बकुळा म्हणाली, आणि बोलता बोलता जागच्या जागी उभी राहिली.

चार महिन्यांचं पोर आणि वेताचा पाळणा खाली पडला असता तर शहाबादी फरशीला काय धाड भरणार होती? जे व्हायचं ते पोरीचं झालं असतं. फरशी दगडानंच फुटते. आणि कागदावर, कांता पोटात होती तेव्हापासून, ‘फरशी फुटलेली’ असंच लिहिलेलं होतं. जिनं ते सांगितलं होतं, तिला पाळण्यात वरवंटाच दिसला होता. बकुळा महिनोन् महिने ज्या ओळीला भ्यायली, त्या ओळीत तिची लेक सुखरूपच होती.

तिला एकदम हुंदका आला, आणि रडता रडता हसूही आलं.

"बकुळे!" जिन्यातून गुणाजी ओरडला. सगळ्या चाळीनं ऐकलं. "हातगाडीवाला खोळंबलाय!"

"आले, आले!" ती म्हणाली. पण आधी तिनं ट्रंकेतून नवा खण काढला, त्यावर नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घेतले आणि चुलीच्या कोपऱ्यात, बसलेल्या बाईची भरावी तशी ओटी भरली. कांताला तिथं खाली वाकवून पाया पडवलं. मग दार ओढून घेतलं.

शिवडीच्या खोलीत शिरल्यावर तिनं सवयीप्रमाणं कागद घेतला. गुणाजीनं ओरडून ओरडून सांगितलं, तिनं लिहिलं. त्याचं संपल्यावरही ती टाक उचलून जरा वेळ थांबली, मान खाली घालून, पाठीमागं कान देऊन. कुणी काही बोललं नाही. खाली रस्त्यावरून बंदराकडं जाणाऱ्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता आणि कांता झोपेत चुटूचुटू ओठ हलवत होती.

"एवढंच ना?" गुणाजीनं विचारलं.

"एवढंच," बकुळा म्हणाली, आणि मोठा श्वास सोडून तिनं कागद सहीसाठी पुढं केला.